शंभराची पाटी

रंगारी शिडीवरून पडला तो ऐन स्पर्धा तोंडावर आलेली असताना. गोदामाच्या भिंतीवर तो पुरुषभर उंचीची अक्षरं काढत होता. शेवटच्या अक्षराची वेलांटी तेवढी राहिली होती. ती ओढायला तो एका पायावर कलला, शिडी सरकली आणि रंगाच्या डब्यासकट तो खाली आला. लोकांनी त्याला घरी आणलं तेव्हा त्याचं अर्धं अंग निळं होतं. रंगारिणीला क्षणभर कळेना, याला कुठं पुसायचं आणि कुठं हात लावायचा नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. कंबरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरनं तीन महिने हलायचं नाही म्हणून बजावलं. उन्हाळा मी म्हणत होता. शेतं उघडी पडली होती, त्यामुळे रंगारिणीला खुरपणीचं काम दोन महिने तरी मिळणार नव्हतं. घरात तीन माणसं: खाटेवरचा रंगारी, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. पोरगी लग्न होऊन लांब गेलेली.

चौथ्या दिवशी सोसायटीचा चेअरमन आला. गोदाम त्याच्याच ताब्यात, क्रिकेटची स्पर्धाही तोच भरवायचा. स्टुलावर बसला, प्लास्टरकडे बघून दोनदा हळहळला आणि मग मुद्द्यावर आला.

"फळ्याचं यंदा दुसरीकडे बघतो. शहरातून कापडी बोर्ड मिळतोय. सोबत त्यांचा माणूस येतो, तोच लावतो, तोच नेतो."

"माणूस म्हणजे कोण?" रंगाऱ्यानं विचारलं.

"पेंटरच आहे."

एकोणीस वर्षं स्पर्धेत धावा दाखवणारा फळा रंगारीच लावत आला होता. बंद पडलेल्या गिरणीचा पत्रा आणून, लाकडी चौकटीत बसवून, काळा रंग देऊन त्यानं तो स्वतः बनवला होता. दोन पाय उघडले की उभा राहायचा, मिटले की हातगाडीवर आडवा मावायचा. वर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांवर आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. फळा त्याचा म्हणून गोदामाच्या भिंती त्याच्या, भिंती त्याच्या म्हणून बाजारातल्या दुकानांच्या पाट्या त्याच्या. एकदा शहरातला पेंटर मैदानात शिरला की हळूहळू सगळीकडे शिरणार, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"फळा माझी बायको लावेल," तो म्हणाला.

चेअरमन हसला. "वहिनी? अरे, क्रिकेट कळतं का त्यांना?"

"फळ्याला क्रिकेट कळावं लागत नाही. मास्तर सांगतो तेवढं लावायचं. आकडे येतात तिला."

रंगारीण दारात उभी होती. आकडे येतात म्हणजे बाजारात येतात तेवढे. तिनं जन्मात एक मॅच बघितली नव्हती. पण नवऱ्याचा आवाज असा काही लागला होता की तिनं मान हलवली.

"आणि ती गाडी ओढून नेणार कोण?"

"मी आहे की," कोपऱ्यातून म्हातारी म्हणाली. "ती पुढून ओढेल, मी मागून रेटीन."

चेअरमननं म्हातारीकडे नीट बघितलं. सत्तरी ओलांडलेली, पण खांदे अजून रुंद. तिनं उभी हयात रस्त्याच्या कामावर टोपल्या वाहिल्या होत्या.

"बघा बुवा," तो उठत म्हणाला. "पण चूक चालायची नाही. दोन हजार माणूस बघत असतं. एकदा चुकलात, ठीक. दुसऱ्यांदा मी कापडी बोर्ड मागवणार."

त्या संध्याकाळी रंगाऱ्यानं पाट्यांची पेटी खाटेजवळ मागवली. रंगारिणीनं सगळ्या पाट्या ओल्या फडक्यानं पुसून जमिनीवर मांडल्या. प्रत्येक आकड्याच्या पाच, शून्याच्या सहा. काळ्यावर पांढरा रंग, कडा सुरीनं कापल्यासारख्या. एवढी वर्षं तिला त्यांचं नुसतं पेटीतलं वजन ठाऊक होतं.

"वरची रांग धावांची," रंगारी सांगू लागला. "तिथं तीन खिळे. त्याच्याखाली गडी किती बाद झाले ते, मग षटकं. आणि धावांच्याच रांगेत, दोन कडांना, खेळणारे दोघं, डावीकडे एक, उजवीकडे एक. त्यांना दोन-दोन खिळे. मास्तर समोरच्या मांडवात वहीत धावा लिहीत असतो. हात वर करून बोटांनी आकडा सांगतो. तू पाटी बदललीस की तो पांढरा रुमाल हलवतो. रुमाल हलला की बरोबर. नाही हलला तर परत बघायचं."

"आणि मला काही वेगळं दिसलं तर?"

"तुला काही दिसत नाही. फळा खोटं बोलत नाही, आणि आपण होऊन काही बोलतही नाही. एवढं ध्यानात ठेव, बाकी सगळं मास्तर बघतो."

पहिल्या दिवशी सकाळी सासू-सुनेनं फळा गाडीवर घातला. मैदान मैलभर लांब होतं. वाटेत एक चढ होता आणि चढाला सगळी खडी उखडलेली. रंगारिणीनं दांड्याला ओढायचा दोर बांधून तो छातीवर घेतला. म्हातारी मागून खांदा लावायची आणि दर दहा पावलांना म्हणायची, "थांब, चाकाला दगड लाव." वर पोचल्या तेव्हा दोघींच्या पाठी भिजून चिंब झाल्या होत्या. मैदानात पोरं जमली होती. त्यांच्यातलं एक म्हणालं, "यंदा फळ्याची सोबत नवीन आलीय वाटतं," आणि बाकीचे हसले. म्हातारीनं त्यांच्याकडे असं बघितलं की दोघं पुढं झाले आणि त्यांनी फळा उतरवून दिला.

ऊन चढलं तशा पाट्या तापल्या. दुसऱ्याच षटकात तिची बोटं भाजली. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळल्या, तर पाटीचं भोक खिळ्यात जाईना. चिंध्या काढल्या, थुंकी लावली, पुन्हा पाटी उचलली. समोर पांढरे कपडे घातलेली माणसं इकडून तिकडे पळत होती, का पळत होती देव जाणे. तिची नजर मास्तरच्या हातावर खिळलेली. तरी दुपारी घोळ झालाच. मास्तरनं तीन बोटं दाखवली आणि तिनं सहाची पाटी अडकवली. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या जावांसारखे. घाईत कुठली कोण ते तिला कळलं नाही. त्रेसष्टचे सहासष्ट झाले. मैदानात हशा उठला. कोणीतरी ओरडलं, "वहिनी, आमच्या टीमला पण द्या की तीन फुकट."

चेअरमन मांडवातून उठून सबंध मैदानाला वळसा घालून आला. सावकाश आला. सगळ्यांनी बघावं असाच आला.

"ही एक झाली," तो म्हणाला आणि आला तसा परत गेला.

रात्री जेवताना रंगाऱ्यानं विचारलं, "काय म्हणाला चेअरमन?" ती म्हणाली, "काही नाही, ऊन फार होतं म्हणाला." म्हातारी ताटात बघत राहिली.

पण मग दिवसामागून दिवस जाऊ लागले तसं एक नवल घडत गेलं. हातांना खिळे सापडू लागले. न बघता पेटीतून हवी ती पाटी निघू लागली. आणि हात मोकळे झाले तशी नजर मोकळी झाली. तिला मैदान दिसू लागलं.

आधी तिला कळलं की दोघं एकदा पळाले की त्यांच्या जागा बदलतात. मग कळलं की दोनदा पळाले की ज्याच्या त्या जागी येतात. चेंडू टाकणारा दमला की त्याचा खांदा कलतो, आणि खांदा कलला की चेंडू आखूड पडतो. लांब उभा असलेला माणूस चेंडू हातात यायच्या आधीच कुठं फेकायचा ते ठरवून असतो. हे तिला कोणी शिकवलं नाही. शेतात ओळ धरून खुरपताना शेजारणीचा हात कुठं पोचला ते जसं मान न वळवता कळतं, तसं ते कळत गेलं. आणि एक गोष्ट कळली ती अशी, की दर चेंडूनंतर सगळे तिच्याकडे बघतात. तिच्याकडे म्हणजे फळ्याकडे. बॅटवाला बघतो, चेंडू टाकणारा बघतो, झाडावर चढून बसलेली माणसं बघतात. ती पाटी उचलते तेव्हा दोन हजार माणसं श्वास धरून असतात, आणि ती अडकवते तेव्हा सोडतात. पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्या या भाजलेल्या, भेगाळलेल्या हातांकडे आजवर कोणी वळून बघितलं नव्हतं.

म्हातारीचं वेगळंच चाललं होतं. तिला ना आकडे यायचे ना खेळ. पण नुसतं बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून ती फळ्याच्या सावलीत पाय पसरून बसायची आणि शेजारी खड्यांचा ढीग घ्यायची. बॅटवाले एकदा पळाले की एक खडा डावीकडून उजवीकडे. चेंडू दोरीपार गेला की चार, उडत गेला की सहा. पंचानं दोन्ही हात पसरले की एक. दहा झाले की त्यांची चवड.

"हे कशाला, आई?" सुनेनं विचारलं.

"रस्त्याच्या कामावर मुकादम टोपल्या मोजायचा आणि दिवसाकाठी दोन-तीन गिळायचा. तेव्हापासून माझा मोजणाऱ्यावर भरवसा नाही."

"मास्तर काही मुकादम नाही."

"नसेल. खड्यांना काय पोटाला लागतंय?"

आठव्या दिवशी शेवटची मॅच होती. गावची टीम आणि खाणवाले. खाणवाले म्हणजे टेकडीपलीकडच्या दगडखाणीत काम करणारी माणसं. कपडे कोणाचेच पांढरेशुभ्र नव्हते. पांढरे होते ते हात, दगडाच्या भुकटीनं. गावानं तीस षटकांत एकशे त्र्याऐंशी धावा केल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर खाणवाले खेळायला आले आणि भराभर बाद होऊ लागले. एकटा एकजण टिकला. डाव्या हातानं खेळायचा, म्हणून त्याला डावरा म्हणत. चाळिशीचा, सुकडा, घण मारून मारून एक खांदा दुसऱ्यापेक्षा मोठा झालेला. बॅट धरायचा ती पहारीसारखी. पण चेंडू यायचा तेव्हा तो इतका उशिरापर्यंत थांबायचा की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. दगडाला जिथं चीर असते तिथंच घाव घालणाऱ्या माणसासारखा नेमका मारायचा. त्याच्या डावीकडच्या पाट्या बदलून बदलून रंगारिणीचं मनगट भरून आलं. पन्नास झाले, सत्तर झाले, नव्वद झाले. गावची माणसं ओरडायची थांबली होती. आपलाच घास काढून घेणाऱ्याकडे अशी डोळे विस्फारून बघणारी माणसं तिनं कधी बघितली नव्हती.

सव्विसावं षटक चालू होतं. फळ्यावर एकशे अडुसष्ट, गडी आठ. डावऱ्याचे पंच्याण्णव. चौथा चेंडू पडला आणि त्याच वेळी मैदानाच्या कोपऱ्यातून वावटळ उठली. धुळीचा खांब गरगरत मांडवावर गेला. मास्तरच्या टेबलावरचे कागद उडाले, मास्तर वहीवर पालथा पडला. फळा थरथरला, पाट्या खणखणल्या. रंगारिणीनं दोन्ही हातांनी चौकट धरली. धुरळ्यातून तिला डावरा पळताना दिसला, वळताना दिसला, परत येताना दिसला.

धूळ खाली बसली. मास्तरनं चष्मा पुसला, हात वर केला. एक बोट.

तिचा हात पेटीवर थबकला. पण फळा आपण होऊन बोलत नाही. तिनं एकशे एकोणसत्तर लावले, डावऱ्याचे शहाण्णव. रुमाल हलला.

"मी दोन खडे टाकलेत," म्हातारी खालून म्हणाली.

"मास्तर एक म्हणतोय."

"म्हणू दे. दोन पळाले."

पुढचे दोन चेंडू डावऱ्यानं नुसते अडवले. षटक संपलं. रंगारीण फळ्याकडे बघत उभी राहिली. एक पळाले असते तर हे दोन चेंडू पलीकडच्यानं खेळायला हवे होते. खेळला मात्र डावराच. म्हणजे तो परत आपल्या जागी आला होता. हे इतकं सरळ होतं की तिची तिलाच भीती वाटली. गावाला कप हवा होता. चेअरमननं एक चूक धरली होती. घरी प्लास्टरमधला माणूस आढ्याकडे बघत पडला होता. आणि एक रन म्हणजे तरी काय, वाऱ्यावर गेलेली धूळ.

"आई," ती म्हणाली, "फळा धरून ठेवा."

आणि ती दोरी ओलांडून मैदानात शिरली.

वळसा घालायला वेळ नव्हता. ती सरळ मधून चालत गेली. दोन हजार माणसांतून आधी कुजबुज उठली, मग शिट्ट्या आल्या. पायांत वहाणा नव्हत्या. तापलेली माती तळव्यांना चटके देत होती. पंचानं हात वर करून खेळ थांबवला. मांडवाशी पोचली ती थेट मास्तरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"काय झालं, वहिनी?" मास्तरनं विचारलं.

"एक रन राहिला, मास्तर. वावटळीत. दोन पळाले होते."

चेअरमन खुर्चीतून उठला. "तुला फळा लावायला बसवलीय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "निकाल लावायला नाही."

मांडवातली माणसं हसली. तिचे कान तापले. पण एकदा तोंड उघडलं होतं, ते आता मिटून उपयोग नव्हता.

"मास्तर, वहीत बघा. त्याच्या पुढचे दोन चेंडू कोण खेळलं?"

मास्तरनं वही जवळ ओढली. बोट ओळीवरून फिरवलं. थांबलं. परत मागं आणलं. मग त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डावरा," तो म्हणाला.

"एक पळाला असता तर तो पलीकडे असता ना?"

मास्तरनं पंचाला हाक मारली. पंच म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर, तोलूनमापून बोलणारा. तो म्हणाला, "दोन. दोन्ही वेळा पोचले होते. वहीत एकच गेलाय हे मला काय माहीत?"

मास्तरनं डावऱ्यालाही बोलावलं. तो बॅट काखेत धरून आला, श्वास चढलेला. मास्तरनं विचारलं, "मघा धुळीत किती पळालास?"

डावऱ्यानं कपाळावरचा घाम बाहीनं टिपला. "ध्यानात नाही, मास्तर. पळालो तेवढा पळालो. मोजायला फळा आहे की."

त्यानं ते असं सहज म्हटलं की रंगारिणीला त्याच्या तोंडाकडे बघवेना. भर उन्हात हा माणूस दोन तास पळत होता आणि सगळा हिशोब तिच्या हातांवर सोडून निर्धास्त होता.

मास्तरनं वहीतला एक खोडला, दोन लिहिले, शेजारी सही केली. चेअरमनचा जबडा तेवढा हलला. ती परत निघाली तेव्हा शिट्ट्या आल्या नाहीत. कोणीतरी मागून "घरभेदी" म्हणालं, ते तिला ऐकू गेलं. ती चालत राहिली. फळ्याशी पोचली, तर म्हातारी चौकटीला छातीशी धरून उभी होती, आग्या वेताळ आला तरी सोडणार नाही अशी.

"दोनच ना?" म्हातारीनं विचारलं.

"दोनच."

एकशे सत्तर. डावऱ्याचे सत्त्याण्णव.

सत्ताविसाव्या षटकात पलीकडच्यानं एक काढला. मग डावऱ्यानं चेंडू दोन माणसांच्या मधून सारला आणि पळत सुटला. एक, दोन, तीन. मास्तरची बोटं वर गेली. रंगारिणीनं मधे एकशे चौऱ्याहत्तर लावले आणि डाव्या कडेला डावऱ्याचे आकडे बदलायला गेली. तिथं तिचा हात हवेत राहिला.

शंभर. आणि खिळे दोन.

त्या मैदानावर कोणी शंभर केलेच नव्हते. एकोणीस वर्षांत नाही, त्याच्या आधीही नाही. रंगाऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं की तिसरा खिळा लागेल. तिनं दोन शून्यं लावली. मैदान बघत होतं. डावऱ्याच्या नावावर फळा शून्य-शून्य म्हणत होता.

"काय झालं?" म्हातारीनं विचारलं.

"शंभराचा एक कुठं लावू? खिळाच नाही."

म्हातारी उठली. पेटीतल्या पाट्या तिनं मातीत ओतल्या, पेटी पायानं ओढून फळ्याच्या डाव्या कडेला पालथी घातली आणि तिच्यावर चढून उभी राहिली. "दे इकडे," ती म्हणाली. रंगारिणीनं एकची पाटी तिच्या हातात दिली. म्हातारीनं ती दोन्ही हातांनी शून्यांच्या शेजारी, बरोबर त्यांच्या रांगेत धरली.

रुमाल हलला. मग टाळ्या सुरू झाल्या. आधी खाणवाल्यांच्या बाजूनं, मग झाडावरून, मग सगळीकडून. गावची माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आपल्याच टीमच्या विरुद्ध. क्षणभर कोण कोणाचा हेच कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. आभाळातून काहीतरी मोठं जाताना सगळ्यांनी एकदम मान वर करावी, तसं ते होतं. रंगारिणीचे डोळे भरून आले. आपल्याला रडू का येतंय हे तिला कळेना. खेळ ना तिचा होता, ना तिच्या माणसाचा.

पलीकडच्या टोकाला डावरा पुढच्या चेंडूवर पळायला वाकून तयार उभा होता.

त्याच षटकात नववा गडी बाद झाला. आता शेवटची जोडी. म्हातारी पेटीवरून उतरली नाही. डावऱ्याचे एकशे चार झाले, एकशे पाच झाले. सून शेजारचे आकडे बदलत होती, सासूनं सांगितलं तेवढे खडे खाली सरकवत होती आणि सासू एक धरून उभी होती. वारा सुटला की पाटी पतंगासारखी ओढ घ्यायची. म्हातारीचे दंड थरथरत होते, कोपरातून घाम ठिबकत होता.

"आई, खाली घ्या थोडा वेळ."

"खाली घेतलं तर त्याचे पाचच दिसतील."

सीमेवर उभा असलेला गावचा खेळाडू हे बघत होता. दोन चेंडूंच्या मधे तो मागं आला आणि फळ्याच्या पायाशी एक जडसा धोंडा लावून गेला. फळा हलायचा थांबला.

शेवटच्या षटकात दोन हवे होते. डावऱ्यानं तिसऱ्या चेंडूवर एक काढला, एकशे त्र्याऐंशी झाले, दोन्हीकडे सारखे. पण आता समोर शेवटचा गडी आला, हात कापणारा. दोन चेंडू त्यानं कसेबसे अडवले. शेवटच्या चेंडूवर त्याचा दांडा उडाला. डावरा पलीकडच्या टोकाला बॅट टेकून उभा होता, एकशे नऊवर, बाद न होता.

बरोबरी. कप अर्धा-अर्धा. तो एक रन नसता तर कप गावाचा होता, हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

माणसं पांगली. कोणी तिच्याकडे बघून थुंकलं, कोणी बघून मान लववली. चेअरमन आला तेव्हा म्हातारी दंड चोळत खाली बसली होती.

"आजी, ते खडे कसले?"

"तुमच्या टीमचे ते पलीकडे. यांचे हे."

चेअरमन उकिडवा बसला. इस्त्रीच्या पँटला माती लागली तरी त्याची पर्वा न करता त्यानं चवडी मोजायला घेतल्या. ओठ हलत होते. गावाच्या ढिगाशी अठरा चवडी आणि वर तीन खडे. खाणवाल्यांच्या ढिगाशी अठरा चवडी आणि वर तीन खडे. त्यानं दोन्ही परत मोजले. मग म्हातारीच्या तोंडाकडे बघितलं.

"एकही इकडचा तिकडे नाही," तो म्हणाला, जसं काही स्वतःलाच.

"जड असतात का खडे, इकडचे तिकडे जायला," म्हातारी म्हणाली. "माणसानं नेले तरच जातात."

चेअरमन उठला, गुडघे झटकले. रंगारिणीकडे न बघता म्हणाला, "त्याला सांगा, भिंतीला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही. पाय बरा होऊ दे." दोन पावलं जाऊन थांबला. "मघा बोललो ते... ऊन फार होतं."

ऊन खरंच उतरत होतं. रंगारिणीनं पाट्या काढायला सुरुवात केली. धावांच्या पाट्या निघाल्या, तेवढ्यात मागं पावलं वाजली. डावरा होता. आंघोळ न केलेला, बॅट अजून हातात. खाणीचा टेम्पो दूर रस्त्यावर त्याच्यासाठी थांबला होता.

"वहिनी," तो अडखळत म्हणाला, "मघा शंभर झाले ना, तेव्हा मी पळून दमलो होतो. डोळ्यांत घाम होता. नीट बघायचं राहिलं. परत लावाल का जरा?"

तिनं नऊ काढला. त्याच्या जागी शून्य अडकवलं. दोन शून्यं शेजारी-शेजारी. म्हातारी उठू लागली तसा तो घाईनं पुढं झाला.

"बसा आजी, तुमचे दंड गेलेत. मीच धरतो."

"तू धरलास तर तू बघणार कसा?" म्हातारी म्हणाली.

त्याला हे सुचलंच नव्हतं. तो ओशाळून हसला. मग म्हातारीनं एकची पाटी घेतली, पेटीवर चढली आणि होती तिथं धरली. डावरा मागं मागं चालत गेला, पार मधल्या खेळपट्टीपर्यंत, आणि तिथं उभा राहिला. बॅट त्यानं खाली ठेवली. त्याला लिहिता-वाचता येत होतं की नव्हतं कोण जाणे. पण तो हलत नव्हता. टेम्पोनं एकदा हॉर्न वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला.

मग तो परत आला, म्हातारीच्या पायांना हात लावला आणि टेम्पोकडे पळत गेला.

"उतरू का गं मी?" म्हातारीनं विचारलं.

"थांबा, आई. तशाच थांबा."

रंगारीण चालू लागली. दुपारी ज्या वाटेनं मांडवाकडे गेली होती त्याच वाटेनं, पण आता माती निवली होती. मधे खेळपट्टीशी, जिथं डावरा उभा होता तिथं ती पोचली आणि वळली.

आठ दिवस ती त्या पत्र्याला चिकटून उभी होती. इथून, उभं राहून, तो तिनं आत्ता पहिल्यांदाच बघितला. उतरत्या उन्हात काळा फळा, त्यावर पांढरी दोन शून्यं, आणि त्यांच्याशेजारी हवेत उभा राहिलेला एक. त्यामागं तिची सासू, पदर वाऱ्यावर, हात वर. एवढ्या लांबून आकड्याची कडा न् कडा स्वच्छ दिसत होती. खाटेवर पडलेल्या त्या माणसानं कधीतरी एकट्यानं बसून ही शून्यं काढली असतील, पार इथं उभ्या असलेल्या दमलेल्या माणसालाही वाचता यावीत म्हणून. तिनं छातीवर हात ठेवला. तिथं काहीतरी भरून आलं होतं आणि त्याला नाव नव्हतं.

"दिसतंय का गं?" लांबून म्हातारीनं विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली, आणि बघत राहिली.